चिंचेनं घासलेलं नाणं

मार्चच्या शेवटी आमच्याकडे जमीन उघडते. बर्फ गेलेलं असतं, गवत अजून आलेलं नसतं, आणि मधल्या थोड्या दिवसांत न्यू जर्सीतलं आमचं सगळं वेस्ट विंडसर ओल्या, काळ्या, थंड चिखलाचं होऊन जातं. स्टेशनच्या पार्किंग लॉटच्या कडेला, शाळेच्या मैदानात, आमच्या टाउनहाऊसच्या मागच्या हातभर तुकड्यात, सगळीकडे तोच वास. बाकीचे लोक या दिवसांत बूट दाराबाहेर काढतात आणि कधी एकदा ऊन पडतंय म्हणून कुरकुरतात. काही वेडे मात्र या दिवसांची वर्षभर वाट पाहतात. हिवाळ्यात इथली जमीन दगड असते आणि उन्हाळ्यात गवत गुडघ्यापर्यंत येतं, त्यात गोचीड असतात. खणायचं असेल तर आत्ताच.

त्या वेड्यांपैकी मी एक होतो. मेटल डिटेक्टर घेऊन मी जुन्या घरांभोवती फिरायचो. जुनी नाणी, बटणं, बकलं, जे काही जमिनीत पडून राहिलं असेल ते शोधत. यंत्र अजून गॅरेजमध्ये आहे. त्याच्या काठीवर शेवटच्या शनिवारचा चिखल वाळून चिकटला आहे. तो मी पुसलेला नाही.

या वर्षी तो वास परत आला आणि शनिवारी सकाळी माझी बायको वैदेही सिंकपाशी उभी राहून देवाची तांब्याची भांडी चिंचेनं घासत होती. ताम्हन, कलश, पळी, आणि सगळ्यात शेवटी एक नाणं. ते ती हळू घासते. अंगठ्यानं, गोल गोल, लहान बाळाची टाळू चोळावी तसं. जाण्याआधी तिच्या वडिलांनी ते देवघरात ठेवलं, अशी तिची समजूत आहे. ती खरी आहे. तिची दुसरी समजूत अशी की आपल्या बोलण्यामुळे वडील सहा महिन्यांसाठी येऊन दोन महिन्यांत परत गेले. ती खोटी आहे. ती खोटी आहे हे फक्त मला माहीत होतं, आणि मी ते तिला सांगितलं नव्हतं.

*

लोक विचारायचे, हा काय छंद. ऑफिसमधले गोरे लोक कौतुकानं विचारायचे, आपले लोक जरा काळजीनं. महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला एका काकांनी मला बाजूला घेऊन, नोकरी ठीक चाललीय ना, असंही विचारलं होतं. मी हसून काहीतरी सांगायचो. खरं कारण मला तेव्हा सांगता आलं नसतं. इतकी वर्षं या देशात राहून माझ्या पायाखाली माझं काहीच नव्हतं. घर बँकेचं, अंगण वसाहतीच्या असोसिएशनचं, त्यात झाड कुठलं लावायचं तेही तेच ठरवणार. कानाला हेडफोन लावून कुणाच्या तरी दोनशे वर्षांच्या अंगणात हळूहळू चालताना मात्र वाटायचं की या जमिनीला माझ्याशी बोलायचं आहे. लोखंड असलं की यंत्र घशातून गुरगुरतं. ॲल्युमिनियम तुटक, चिरकं वाजतं. तांबं आणि चांदी स्वच्छ, गोल वाजतात, देवळातल्या लहान घंटेसारखं. बहुतेक वेळा निघायचे ते कोकच्या डब्यांचे तुकडे, घोड्याच्या नालांचे खिळे, काडतुसांची बुडं. पण एखाद्या शनिवारी शिवणकामाचं अंगुस्तान निघायचं, कुणाच्या तरी बोटाच्या मापाचं, आणि मी ते आठवडाभर खिशात घेऊन ट्रेननं ये-जा करायचो.

या छंदात पहिली गोष्ट असते परवानगी. सरकारी बागा, जतन केलेल्या वास्तू, तिथं यंत्र गाडीबाहेरही काढायचं नाही. राहिली खासगी घरं. त्यांचं दार वाजवायचं, दोन पावलं मागे सरून उभं राहायचं, हात दिसतील असे ठेवायचे. माझ्या रंगाच्या माणसानं तर नक्कीच. मी गाडीत बसून वाक्यं पाठ करायचो, आवाजातला मऊपणासुद्धा. बहुतेक जण नम्रपणे नाही म्हणायचे आणि मी त्यांचेही आभार मानायचो. वैदेही एकदा माझ्याबरोबर होती. परत गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "अण्णांकडे माझ्याबद्दल विचारायला आलास तेव्हा एवढा नम्र नव्हतास हं."

दुसरी गोष्ट म्हणजे खड्डा. गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापायचा, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवायची आणि तो उलटायचा. माती कापडावर काढायची. वस्तू मिळाली की माती परत, चौकोन परत, वरून बुटानं दाबायचं. आठवड्याभरात मालकालाही जागा सापडू नये. हे काम मला फार चांगलं जमायचं. इतरांपेक्षा चांगलं. कुठं काही खणलं गेलंय याचा मागमूस राहू न देण्यात मी पटाईत होतो, आणि ही गोष्ट मी तेव्हा अभिमानानं सांगायचो.

*

अण्णा त्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला आले. वैदेहीची आई जाऊन वर्ष झालं होतं. जळगावचा उन्हाळा टळेल म्हणून लवकरचं तिकीट काढलं होतं आणि गणपतीच्या सुमारास परत जायचं ठरलं होतं. आमची मुलगी कॉलेजला गेली होती, तिची खोली त्यांना दिली. भिंतीवर तिच्या आवडत्या बास्केटबॉल खेळाडूचं पोस्टर होतं. त्याच्याच खिळ्याला अण्णांनी आपली जपाची माळ अडकवली.

अण्णांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. अमेरिकेतली पाची मोठी सरोवरं त्यांना नकाशा न बघता फळ्यावर काढता यायची. आता ते त्या देशात प्रत्यक्ष आले होते आणि त्यांच्या वाट्याला आलेला भूगोल म्हणजे आमच्या वसाहतीचा एक गोल रस्ता, एक तळं, आणि कोपऱ्यावरच्या टपालपेट्या. तेवढं ते सकाळ-संध्याकाळ चालून यायचे. बाकावर इतरांचे आईवडील भेटायचे. कुणाचा मुलगा कुठल्या कंपनीत, कुणाचा व्हिसा किती दिवसांचा, कुणाचे गुडघे. अण्णा ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन आम्हाला त्यातलं जरा नक्कल करून सांगायचे.

मला ते शशांकराव म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी. जावई म्हणून माझा मान त्यांनी कधी सैल पडू दिला नाही, आणि तो मान मी इतका सवयीनं घेत गेलो की त्याचं वजन मला कधी जाणवलंच नाही. पहिल्याच आठवड्यात नाश्त्याला बसले असताना म्हणाले, "आमच्या आजोबांनी लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नसतं हो. आणि मी बघा, दूध घालून सिरियल खातोय." आम्ही हसलो. तेही हसले. पण त्या दिवसापासून त्यांनी घरात कामं शोधायला सुरुवात केली. ॲमेझॉनचे खोके सुरीनं कापून सपाट करायचे आणि दोरीनं बांधायचे. टॉवेलच्या घड्या कडेला कड जुळवून घालायच्या. कढीपत्त्याची कुंडी उन्हाबरोबर या खिडकीतून त्या खिडकीत न्यायची. कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवायचा, तोही शेजाऱ्यांच्या डब्यांच्या ओळीत.

वैदेही देवाची तांब्याची भांडी डिशवॉशरमध्ये घालायची. अण्णांनी ते एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी इंडियन स्टोअरमधून आणलेलं चिंचेचं पाकीट फडताळात सापडलं त्यांना, आणि ते काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. चिंच भिजवायची, मीठ घालायचं, आणि खिडकीतल्या उजेडात तास-तास घासत बसायचं. त्या घरात आम्हा दोघांच्या लक्षात यायच्या आधी देवघर लखलखायला लागलं होतं.

शनिवारी सकाळी मी गॅरेजमध्ये यंत्र गाडीत ठेवायला गेलो की अण्णा दारात यायचे. आज कुणीकडे, असं विचारायचे. मी सांगायचो. शेतं असतील तिकडं, म्हणायचे. मी हो म्हणायचो. त्यांनी बूट घातलेले असायचे. मला ते दिसायचे. मी म्हणायचो, चिखल फार आहे अण्णा, पडाबिडाल, जरा वाळलं की जाऊ. ते लगेच मान डोलवायचे, बरोबर आहे, बरोबर आहे. गाडी बाहेर काढून मी बटण दाबायचो आणि गॅरेजचं दार हळूहळू खाली यायचं. सगळ्यात शेवटपर्यंत दिसत राहायचे ते त्यांचे बूट. त्यांच्या बहीणभावांनी मिळून या प्रवासासाठी घेऊन दिलेले, पांढरे, एकदाही न मळलेले.

मला एकट्याला जायचं होतं, एवढंच. आठवडाभर माणसांशी बोलून मी दमलेला असायचो, असं मी स्वतःला सांगायचो.

*

आमच्यापासून अर्ध्या तासावर, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये, वॉल्टरचं घर होतं. दगडी पाया, लाकडी भिंती, मागे झुकलेलं धान्याचं कोठार. वॉल्टर म्हातारा होता आणि एकटा होता. मी दार वाजवून पाठ केलेली वाक्यं म्हटली तेव्हा त्यानं ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाला, खण, पण त्या मेपलखाली माझा कुत्रा पुरलाय, त्याला वर काढू नकोस. मग मी वळल्यावर त्यानं परत हाक मारली. न्यू जर्सीनं फार पूर्वी स्वतःची तांब्याची नाणी पाडली होती. एका बाजूला घोड्याचं डोकं आणि त्याखाली नांगर. वॉल्टरच्या वडिलांना शेत नांगरताना त्यातलं एक मिळालं होतं. वॉल्टरनं लहानपणी ते शाळेत दाखवायला नेलं आणि हरवलं. "घोडा निघाला तर तो तुझा," तो म्हणाला. "मला फक्त एकदा हातात दे."

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी तो निघाला. कोठार आणि विहिरीच्या मध्ये, टीचभर खोल. हेडफोनमध्ये इतका स्वच्छ आवाज आला की मी गुडघ्यावर बसण्याआधीच मला कळलं. हिरवट तपकिरी चकती, कड जरा खाल्लेली. थुंकी लावून पुसायचा मोह होतो, तो आवरायचा असतो. एवढी वर्षं मातीत राहिलेल्या तांब्याचं वरचं अंग गंजून एक साल तयार होते, आणि घोडा, नांगर, अक्षरं, सगळं त्या सालीतच उरलेलं असतं. खाली नुसतं खाल्लेलं तांबं. साल गेली की सगळं गेलं. तिरप्या उन्हात धरल्यावर मला घोड्याचा कान दिसला, आयाळ दिसली, नांगराचा वाकडा दांडा दिसला. वॉल्टर त्या दिवशी डॉक्टरकडे गेला होता. पुढच्या शनिवारी त्याला दाखवू म्हणून मी नाणं घरी आणलं आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एका वाटीत ओल्या पेपर टॉवेलवर ठेवलं.

त्या रात्री जेवताना मी दुसरं काही बोललोच नाही. घोडा आहे, खाली नांगर आहे, नांगर अजून नीट दिसत नाहीये, पुढच्या शनिवारी शेतवाल्याला दाखवायचं आहे, वगैरे. वैदेही एका डोळ्यानं फोनवर होती, तिच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं मोठं रिलीज जवळ आलं होतं. अण्णा जेवण थांबवून ऐकत होते. नांगराबद्दल त्यांनी दोनदा विचारलं, एका बैलाचा की दोन, अशा अर्थाचं काहीतरी. मी उत्तर दिलं, वैदेहीकडे बघून. सालीबद्दल मी काही सांगितलं नाही. सोमवारी ऑफिसच्या कॅफेटेरियात मी एका सहकाऱ्याला अर्धा तास त्याबद्दल सांगितलं, नाणं कधी घासू नये, का घासू नये, लोक कसा मूर्खपणा करतात. घरात जो माणूस तांबं घासत होता त्याला सांगायचं मला सुचलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी मी ट्रेननं घरी आलो. वैदेही अजून यायची होती. अण्णा जिन्याच्या खाली उभे होते, धुतलेला सदरा घालून, जणू काही सण आहे. "शशांकराव, हात धुऊन या," ते म्हणाले, "आणि देवघरात बघा."

चांदीच्या छोट्या ताटलीत नाणं होतं. त्याला कुंकवाचं बोट लावलेलं, वर अंगणातलं एक पिवळं डॅफोडिल. भूमीतून आलेली वस्तू, म्हणून त्यांनी तिची पूजा केली होती. नाणं गुलाबी झालं होतं. नव्या तांब्याचा तो उघडा, ओला गुलाबी रंग. त्यावर घोडा नव्हता. कान नव्हता, आयाळ नव्हती. बारीक बारीक खड्डे होते आणि दिव्याचा प्रकाश.

"नांगर दिसत नाही म्हणालात ना," अण्णा म्हणाले. "दुपारभर घासलं. माझ्याकडूनही नाही निघाला. उद्या परत एकदा घासून बघतो."

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं. माणूस रागावतो, ओरडतो, नंतर ओशाळतो, चहा होतो, संपतं. मी दार वाजवताना वापरायचो तो मऊ आवाज काढला. म्हणालो, "अण्णा, तुम्ही इथं पाहुणे आहात. विचारल्याशिवाय कशाला हात लावत जाऊ नका."

ते माझ्याकडे बघत राहिले. कुंकवाचं बोट अजून लाल होतं, ते त्यांनी धोतराला नाही, सदऱ्याला नाही, दुसऱ्या हाताच्या तळव्याला पुसलं. "बरं," म्हणाले.

*

त्यानंतर त्यांनी विचारायला सुरुवात केली. पाणी घेऊ का? खिडकी जराशी उघडू का? टीव्ही लावला तर चालेल का? सुरुवातीला वैदेहीनं थट्टेवारी नेलं. अण्णा, हॉटेल आहे का हे, म्हणायची. ते हसायचे, आणि पुढच्या वेळी परत विचारायचे. त्यात टोमणा नव्हता. टोमणा मारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मला परवानगी मागायला सांगितलं आहे, तर मी मागतो, इतकं ते सरळ होतं. खोके तसेच साठत गेले. कढीपत्ता एकाच खिडकीत उभा राहिला. एकदा ते हातात रिकामा पेला घेऊन फ्रिजपुढे उभे होते आणि वैदेही मीटिंगमध्ये होती, कानाला हेडफोन लावून. ती वळेपर्यंत ते तसेच थांबले. तिनं वळून पाहिलं आणि तिचा तोल गेला. "अण्णा, प्रत्येक गोष्ट काय विचारता? लहान आहात का? मला कामं आहेत इथं." मी बाजूच्या खोलीत होतो. सगळं ऐकलं. बाहेर आलो नाही.

त्याच आठवड्याच्या शनिवारी मी वॉल्टरकडे गेलो होतो. त्याच्या तळहातावर ती गुलाबी चकती ठेवली आणि काय झालं ते सांगितलं, सासऱ्यांचा मूर्खपणा म्हणून सांगितलं. वॉल्टरनं ती उलटीसुलटी केली आणि हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला. त्याच्या बायकोनं म्हणे त्याच्या आजीचा काळाकुट्ट हंडा असाच घासून आरसा करून टाकला होता. मग त्यानं विचारलं, किती वेळ घासलं असेल त्यांनी. दुपारभर, मी म्हणालो. वॉल्टर नाणं माझ्या हातात परत ठेवून म्हणाला, "त्यांना दे हे. सांग, वॉल्टरनं दिलंय. आणि पुढच्या वेळी त्यांना घेऊन ये, मला आवडेल तो माणूस."

ज्याचं नाणं गेलं होतं तो हसला. ज्याला ते नुसतं सापडलं होतं तो धुमसत घरी आला. मी नाणं परत त्या ताटलीत टाकलं आणि अण्णांना काहीच सांगितलं नाही.

एप्रिल संपता संपता अण्णांनी तिकीट बदलून घेतलं. गच्चीवरच्या टाकीचं काम निघालंय, शेजारी एकटे किती बघणार, असं काहीतरी कारण. वैदेही रडली, भांडली, मग गप्प झाली. नेवार्कला विमानतळावर ती व्हीलचेअरवाल्याला शोधायला गेली तेवढ्यात आम्ही दोघंच उरलो. अण्णा बॅगेच्या दांड्यावर हात ठेवून उभे होते. खाली बघत त्यांनी विचारलं, "त्या शेतवाल्या गृहस्थांना दाखवलंत का नाणं? काही म्हणाले का ते?"

एवढंच त्यांना हवं होतं. तीन आठवडे त्यांच्या मनात ते राहिलं असणार, की आपल्यामुळे जावयाला परक्या माणसापुढे खाली बघावं लागलं. उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते हसले, अण्णा. त्यांनी तुम्हालाच दिलंय ते. तुम्हाला बोलावलंय.

"नाही," मी म्हणालो, "विशेष काही नाही."

पांढऱ्या बुटांतले पाय व्हीलचेअरच्या पायपट्ट्यांवर शेजारी शेजारी ठेवून ते गेले.

*

पुढच्या वर्षी मार्चमध्येच, जमीन उघडायच्या सुमारास, जळगावहून फोन आला. वैदेही मिळेल त्या विमानानं गेली, तरी उशीरच झाला. परत आली तेव्हा तिनं डिशवॉशरमधून ताम्हन बाहेर काढलं, चिंच भिजवली आणि सिंकपाशी उभी राहिली. देवघरातल्या ताटलीतलं नाणं तिनं पहिल्यांदा तेव्हा नीट पाहिलं. अण्णांनी ठेवलेलं दिसतंय, म्हणाली. मी हो म्हणालो. तेव्हापासून दर शनिवारी.

त्याच वर्षी उन्हाळ्यात वॉल्टरचा फोन आला. घर विकलं, मुलीकडे ओहायोला चाललोय, म्हणाला. तिचं घर छान आहे, पण तिथं माझ्या हाताला काही कामच नाही. मग म्हणाला, तुझे सासरे काही आले नाहीत कधी. नवीन मालकानं आता तिथं हिरवळ लावली आहे. मी एकदा गाडीतून बघून आलो. माझा एकही खड्डा दिसत नाही.

अण्णांचं ते विचारणं वैदेहीच्या डोक्यातून जात नाही. कधी पाहुणे आले आणि कुणी म्हातारं माणूस म्हणालं, जरा पाणी घेऊ का ग, की तिचा चेहरा बदलतो. आईच्या मागं वर्षभर एकटे राहून आले होते अण्णा, ती म्हणते, आणि मी त्यांना लहान आहात का म्हणाले. असं ती दर थोड्या दिवसांनी म्हणते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवतो. हे सगळ्यात वाईट. दर वेळी मी हात फिरवला आहे, आणि दर वेळी तिला बरं वाटलं आहे.

या शनिवारी खिडकी जराशी उघडी होती आणि तिच्यातून तो ओला, काळा वास येत होता. वैदेही नाणं घासत होती. इतक्या शनिवारांनी ते आता गुळगुळीत झालं आहे, खड्डेही गेले आहेत. "कशाचं असेल रे हे?" ती म्हणाली. "अण्णांनी कुठून आणलं असेल?"

मी सांगितलं. बसलोही नाही, उभ्यानंच. वाटीतल्या पेपर टॉवेलपासून सांगितलं. पाहुणे आहात म्हणालो ते सांगितलं, त्याच शब्दांत.

तिचा अंगठा थांबला नव्हता. "म्हणून विचारायचे," ती म्हणाली. "पाणी घेऊ का, म्हणून विचारायचे ते."

"हो."

"आणि मी त्यावरून ओरडले."

मग मी वॉल्टरचंही सांगितलं, कारण आता अर्धं ठेवणं शक्य नव्हतं. तो हसला ते, त्यानं नाणं अण्णांना दिलं ते, विमानतळावर अण्णांनी काय विचारलं ते, मी काय म्हणालो ते.

इथं तिनं नळ बंद केला. पहिल्या गोष्टीसाठी ती मला कदाचित कधीतरी माफ करेल. रागाच्या भरात माणूस बोलून जातो, याला जगात जागा आहे. पण विमानतळावर मला राग आलेला नव्हता. तिथं मला नुसतं एक वाक्य बोलायचं होतं.

तिनं हात पुसले. ताम्हन, कलश, पळी देवघरात नेऊन ठेवली. नाणं नेलं नाही. मला दिलं नाही. सिंकवरच्या खिडकीच्या कट्ट्यावर, साबणाच्या बाटलीशेजारी ठेवलं आणि वर निघून गेली. जिन्यावर तिची पावलं मला नेहमीसारखीच ऐकू आली.

त्याला आता बरेच दिवस झाले. आम्ही बोलतो. गाडीत पेट्रोल आहे का, मुलीचा फोन आला का, एवढं बोलतो. नाणं तिथंच आहे. त्यावर सिंकमधलं पाणी उडतं आणि वाळतं. कडेनं ते काळपट होऊ लागलं आहे, एका जागी तर हिरवा ठिपका धरला आहे. काल मी पाणी प्यायला गेलो तेव्हा उजेड तिरपा पडला होता. अशा उजेडात धरलं की कधीकधी काहीतरी दिसतं, निदान कानाची रेघ, अशी जुनी सवय हाताला आहे. मी पेला ठेवला आणि नाण्याकडे हात नेला.

वैदेही मागे दारात उभी होती. कधी आली मला कळलं नव्हतं. आवाज चढलेला नव्हता तिचा.

"हात लावू नकोस त्याला," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणालो.